मक्याच्या पिशवीवरची चिठ्ठी

आर्लिसने ओव्हनमधून खिम्याच्या हॉटडिशचं भांडं काढलं, जाड फडक्यात गुंडाळलं, कोट चढवला, टोपी कानांवर ओढली, बूट घातले, आणि दाराच्या मुठीला हात लावल्यावर तिला आठवलं की समोर जायचं नाहीये.

मागच्या गुरुवारीही नेमकं असंच झालं होतं. डोक्याला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. तिने भांडं परत ओट्यावर ठेवलं, एक बूट काढला, दुसरा तसाच पायात ठेवून खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडे ऑरिन स्कोगनच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा होता. जानेवारीत मिनेसोटाचं आभाळ असं खाली येतं की दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. ऑरिन त्याच्या खिडकीत उभा होता. त्याने डावा हात वर केला. उजवा अजून बांधलेला होता.

आर्लिसनेही हात हलवला. एवढी परवानगी तिने मिळवली होती. चर्चच्या पास्टरांचा फोन आला तेव्हा तिने सरळ विचारलं होतं, की हात हलवला तर चालेल का. बिचाऱ्या पास्टरांनी विमा कंपनीला विचारून कळवलं, की हात हलवायला हरकत नाही, फक्त चेहरा फार पडलेला दिसू नये. तेव्हापासून ती सकाळ-दुपार चेहरा न पाडता हात हलवायची आणि आत येऊन खुशाल रडायची.

सगळं झालं ते एका पिशवीपायी. आणि खरं सांगायचं तर पिशवीपायीही नाही, आर्लिसच्या कात्रीपायी.

थंडी सुरू व्हायच्या आधी चर्चच्या तळघरात बायका जमून मक्याच्या पिशव्या शिवत. फ्लॅनेलच्या कापडाची वीत-दीड वीत लांबीची पिशवी, आत जनावरांना घालतात तो सुका मका, आणि तोंड शिवून बंद. मायक्रोवेव्हमध्ये जराशी तापवायची आणि दुखऱ्या कंबरेला, नाहीतर गारठलेल्या पावलांना लावायची. चर्चच्या जत्रेत त्या हातोहात खपत. पूर्वी पिशवीला दोऱ्याने एवढीशी चिठ्ठी बांधलेली असे, दोन मिनिटं तापवा, बस. मग कुठल्याशा गावात कुणीतरी कुठल्याशा चर्चवर दावा लावल्याचं कानावर आलं, आणि विमा कंपनीने कळवलं की तुमच्या सूचना पुरेशा नाहीत. झालं, चिठ्ठी वाढत चालली. तापवल्यावर पिशवी गरम होईल. पिशवी खाऊ नये. जनावरांना खाऊ घालू नये. ओली करून तापवू नये. तान्ह्या बाळाजवळ ठेवू नये. अंगावर घेऊन झोपू नये. पेटल्यास वापरू नये. ह्या शेवटच्या ओळीवर शिवणाऱ्यांतली व्हायोला इतकी हसली होती की तिला हाताला धरून खुर्चीत बसवावं लागलं. पेटलेली पिशवी कोण कंबरेला लावून घेतंय, म्हणे. तेव्हापासून चिठ्ठीची टिंगल हा शिवणाच्या दिवसाचा भागच होऊन बसला. कुणी कॉफी ओतायला लागलं की दुसरी म्हणायचीच, प्यायल्यावर पोटात जाईल हं, मग सांगितलं नाही म्हणू नका.

ऑरिनची पिशवी आर्लिसने वेगळी, मन लावून शिवली होती. त्याची बायको इनेझ, म्हणजे आर्लिसची सगळ्यात जवळची मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी गेली. तिचे कपडे मुलीने चर्चला देऊन टाकले, तेव्हा निळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा एक झगा आर्लिसने गुपचूप बाजूला काढून ठेवला होता. पिशवी त्याच कापडाची. ती द्यायला म्हणून समोरच्या दारात उभी राहिली आणि तिची नजर त्या लांबलचक चिठ्ठीवर गेली, तेव्हा तिला कसंसंच झालं. ज्याच्याबरोबर आपण पहिलीपासून एका वर्गात बसलो, ज्याच्या घरी इनेझच्या शेवटच्या दिवसांत आपण उशापायथ्याशी बसून रात्री काढल्या, त्या माणसाला आता काय सांगायचं, बाबा रे, ही खाऊ नकोस? तिने कोटाच्या खिशातून शिवणाची छोटी कात्री काढली आणि दोरा कापून टाकला. शेजाऱ्याच्या हातात असली चिठ्ठी ठेवणं म्हणजे त्याला तोंडावर खुळा म्हणणं. गावातल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं.

पुढे ऑरिन भाजला. आणि भाजला ते त्याने कोणाला सांगितलंही नाही. रविवारी चर्चला आला, प्रार्थनेनंतर कॉफी घेतली, कसं काय म्हणून विचारणाऱ्याला बरंय की म्हणाला. इथली माणसंच तसली. घराला आग लागली तरी आल्यागेल्याला आधी कॉफी विचारतील आणि मग म्हणतील, जरासा धूर येतोय वाटतं. नाताळात त्याची मुलगी मार्ना मिनिआपोलिसहून आली, तिने दारातच बापाला मिठी मारली आणि तो कळवळून खाली बसला, तेव्हा कुठे उलगडा झाला. बाहीखाली दंडापासून कुशीपर्यंत कातडं गेलेलं. मांडीचं कातडं काढून तिथे लावावं लागलं.

मार्ना भडकली. पास्टरांना फोन करून म्हणाली, मी वकील गाठणार आहे. आर्लिसला तिचा राग आला नाही. आईच्या वेळी पोरगी वेळेवर पोचू शकली नव्हती, आणि आता बाप भाजलेला हात लपवून हिंडतोय याचा तिला पत्ता नाही. लांब राहणाऱ्या मुलीने करावं तरी काय? वकील करणं तेवढं तिच्या हातात होतं, ते ती करायला निघाली होती.

मग चर्चच्या विमा कंपनीने फर्मान काढलं. चर्चमधल्या कोणीही ऑरिनला भेटायला जाऊ नये. चुकलं म्हणू नये. वाईट वाटतं एवढंसुद्धा म्हणू नये, कारण कोर्टात त्याचा अर्थ कबुली असा लावतात. आणि हे कोणाला, तर ज्या गावात माणसं दुकानात ढकलगाडीला धक्का लागला तरी गाडीची माफी मागतात, त्या गावाला.

कोर्टाची भीती आर्लिसला होतीच. जत्रा बंद पडेल, चर्च गोत्यात येईल, बायका तोंडावर काही बोलणार नाहीत पण मनात ठेवतील, हे सगळं तिचं अंथरुणात पडून मोजून झालं होतं. पण तिचा जीव खरा अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. इनेझ गेल्यापासून दर गुरुवारी हॉटडिशचं भांडं समोर जायचं, खाली खिमा आणि वाटाणे, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. दोन दिवसांनी ते भांडं धुऊन परत यायचं, आणि आत काही ना काही असायचंच. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव, गावातल्या प्रत्येक बाईच्या भांड्याला असतं तसं, कारण ह्या गावात भांडी स्वतःच्या घरी कमी आणि शेजारी जास्त राहतात. तिचं एक भांडं अजून समोरच अडकलेलं होतं. आपण गेलो नाही तर ऑरिन समजेल की आर्लिसने पाठ फिरवली. आणि तो काही विचारणार नाही, कारण तो कधीच काही विचारत नाही. इतक्या वर्षांचा शेजार असाच, हात हलवता हलवता, संपून जाईल.

ती खिडकीतून वळणार एवढ्यात समोरचं दार उघडलं. आतून एक माणूस बाहेर आला, शहरी कोट, पातळ तळव्यांचे बूट, काखेत कागदपत्रांची बॅग, आणि दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं भांडं. बर्फावरून तो नुकतं चालायला लागलेल्या पोरासारखा एकेक पाऊल टाकत येत होता. आर्लिसने काढलेला बूट घाईने परत घातला आणि दार उघडलं.

"मिसेस ब्रँडव्हॉल्ड? मी कर्टिस व्हॉस, चर्चच्या विमा कंपनीकडून. हे तुमचं आहे म्हणतात."

तिने फडक्यासकट भांडं घेतलं. व्हॉसने मोकळ्या झालेल्या हातांवर फुंकर मारली.

"मी त्यांना सांगितलं, की चौकशी चालू असताना माझ्या हातून वस्तूंची देवाणघेवाण होऊ शकत नाही. तर म्हणाले, मी कुठे काय देतोय, भांडं परत करतोय. मग आत काय आहे विचारलं, तर म्हणाले, रिकामं कसं परत करणार." त्याने काखेतली बॅग सावरली. "आणि निरोप आहे. गरम आहे, जपून."

आत सफरचंदं घालून भाजलेला गोड पदार्थ होता, इनेझ करायची तो. डाव्या हाताने केलेला कळत होता, एका कडेला करपलेला, दुसऱ्या कडेला कच्चा. आर्लिसने ते भांडं ओट्यावर हॉटडिशशेजारी ठेवलं आणि काही क्षण मागे वळली नाही. विमा कंपनीच्या माणसासमोर चेहरा कसा ठेवायचा हे पास्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

मग तिने कॉफी ओतली. इथे कॉफी नको असेल तर तीनदा नाही म्हणावं लागतं. व्हॉस दोनदाच म्हणाला.

पास्टरांनी तिला बजावून ठेवलं होतं, की विचारतील तेवढंच बोला. व्हॉसने कागद काढले आणि विचारायला लागला. पिशवी तुम्ही दिलीत का, हो. जत्रेच्या पिशव्यांबरोबरच शिवली का, हो, त्याच आठवड्यात.

"म्हणजे तिला ठरलेली चिठ्ठी होतीच," तो म्हणाला आणि लिहायलाही लागला.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. जत्रा वाचली असती, चर्च वाचलं असतं, आणि कोणाला कधी कळलंही नसतं. आर्लिस उठली, शिवणाच्या टोपलीतून ती कापलेली चिठ्ठी काढून आणली आणि त्याच्या कपाशेजारी ठेवली.

"ही ती. देताना मीच कापली."

व्हॉसचं पेन थांबलं. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, मी कोणाच्या बाजूचा आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? मी चर्चच्या बाजूचा आहे. म्हणजे तुमच्या."

"म्हणून तर सांगतेय. उगाच चुकीचं लिहून जाल."

तो खुर्चीत मागे टेकला. मग त्याने आपले आधीचे कागद चाळले आणि म्हणाला, की समोरच्या गृहस्थांनी तर आत्ताच सांगितलंय की त्यांनी सगळ्या सूचना वाचल्या होत्या. कुठल्या सूचना, असं त्याने विचारलं, तर त्यांनी एकेक ओळ पाठ म्हणून दाखवली, अगदी क्रमाने, पेटल्यास वापरू नये इथपर्यंत. म्हणाले, दोष सगळा माझा आहे, चर्चचा नाही, आणि पिशवी देणाऱ्या बाईचा तर अजिबातच नाही. वर त्याच्यासमोरच मुलीला फोन लावून म्हणाले, वकिलाला सांग, बापाला वाचता येतं.

आर्लिसने त्या कागदावर बोट ठेवलं.

"ऑरिन खोटं बोलला," ती म्हणाली. हे शब्द आपल्या तोंडून निघताहेत यावर तिचाच विश्वास बसेना. "आयुष्यात कधी बोलला नसेल. माझ्यासाठी बोलला. ते खोडा तुम्ही."

व्हॉसने दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं. थकलेला माणूस होता तो, कोटाच्या आत दिसत होता त्यापेक्षा वयस्कर.

"माझ्यासमोर माणसं बसतात ती दुसऱ्याकडे बोट दाखवायला," तो म्हणाला. "जिन्यावर, बर्फावर, कुत्र्यावर, मेलेल्या सासूवर, सगळ्यांवर ढकलून झालेलं मी लिहून घेतलंय. आणि आज ह्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दोष माझा, दोष माझा म्हणून ओढाताण करताहेत. कोणाला कोणापासून वाचवू मी?"

आर्लिसने त्याला त्या सफरचंदांतलं थोडं बशीत वाढलं. करपलेली कड तिने स्वतःसाठी ठेवली होती, पण त्याने तीच मागून घेतली. खाऊन झाल्यावर म्हणाला, की दोघांनी सांगितलं ते दोन्ही तो जसंच्या तसं लिहील, वर बसलेल्यांनी काय तो अर्थ काढावा. मुलगी पुढे जाईलसं त्याला वाटत नव्हतं. पण फाईल बंद होईपर्यंत भेटीगाठी मात्र नकोत. कंपनीचं म्हणणं तेच आहे, असं त्याने दोनदा सांगितलं.

दारात हातमोजे घालताना त्याचं लक्ष ओट्यावरच्या हॉटडिशकडे गेलं. फडकं अजून भोवती गुंडाळलेलंच होतं. मग त्याने खाली तिच्या पायांकडे पाहिलं, तर बाई घरात बूट घालून उभी.

"रस्त्यावर बर्फ आहे," व्हॉस म्हणाला. "निसरडं असेल."

तो रस्ता ती चाळीस वर्षं ओलांडत आली होती.

"बघून जाईन," ती म्हणाली.

त्याची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि आर्लिस निघाली. ऑरिनने ती दार वाजवायच्या आत दार उघडलं. बांधलेला हात छातीशी, स्वेटरची एक बाही रिकामी लोंबत होती, आणि माणूस किती उतरला होता ते खिडकीतून दिसलं नव्हतं. आर्लिसने विमावाल्यांचं फर्मान बाजूला सारलं आणि मनात साठलेलं बोलून टाकलं.

"चुकलं माझं, ऑरिन. फार वाईट वाटतंय मला."

"आत ये आधी. थंडी घेतेस घरात."

तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि सवयीने म्हणाली की गरम आहे. तो म्हणाला, बरं. दोघं बसली. तिने त्याच्या ताटात वाढलं, खिमा काट्याने मोडून दिला, आणि मग तिला राहवेना.

"तू खोटं कशाला बोललास त्या माणसाशी?"

"कधी?"

"चिठ्ठी वाचली म्हणालास. चिठ्ठी नव्हतीच. मी कापली."

"कापलीस ते पाहिलं की मी. समोरच तर उभा होतो." तो डाव्या हाताने वाटाणे काट्यावर घ्यायची खटपट करत होता. "पण वाचलेली होती. इतकी वर्षं त्या चिठ्ठ्या बांधत कोण होतं, असं वाटतं तुला? इनेझ गठ्ठा घरी घेऊन यायची. तिची बोटं वळायची नाहीत शेवटी शेवटी. गाठी मी मारायचो. मारता मारता वाचायचो एकेक, पास्टरांसारखा आवाज काढून. पेटल्यास वापरू नये म्हटलं की तिला ठसका लागायचा हसून."

आर्लिस बघतच राहिली. तिला वाटत होतं चिठ्ठ्या इनेझ बांधते. इनेझने कधी सांगितलं नव्हतं, की हात चालत नाहीत, आणि ह्यानेही नव्हतं. ह्या नवराबायकोचं सगळंच असं, झाकून ठेवलेलं. आणि हा माणूस तिला वाचवायलासुद्धा खोटं बोलला नव्हता. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की तिने त्याच्यावरच डोळे वटारले.

"मग इतकं पाठ होतं तर झोपलास कशाला अंगावर घेऊन? आणि ती भाजेपर्यंत तापवलीस कशी?"

"अंगावर नव्हती घेतली."

तो खात राहिला. तिने पाण्याचा पेला त्याच्या डाव्या बाजूला सरकवला. बाहेर बर्फ काढणारी गाडी रस्ता खरवडत गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत ऑरिन थांबला. मग ताटाकडे बघतच बोलला.

"कापड ओळखलं मी. झगा आहे तिचा."

"हो."

"ती बाजू फार गार पडते गं, आर्लिस. झोपेत पाय जातो तिकडे आणि जाग येते. म्हणून पांघरुणाखाली तिच्या जागी ठेवायचो पिशवी. पण दोन मिनिटांची ऊब किती टिकणार? मला झोप लागेपर्यंतच निवायची. पहाटे हात लावावा तर परत गार." त्याने काटा खाली ठेवला. "मग एक दिवस म्हटलं, सकाळपर्यंत राहू दे जरा. खूप तापवली. तिच्या जागी ती ठेवली, माझ्या जागी मी झोपलो. झोपेत वळलो असणार तिकडे. सवय आहे ना."

आर्लिसने टेबलावरचा त्याचा डावा हात धरला. असं तिने शाळेपासून आजपर्यंत कधी केलं नव्हतं. त्यानेही तो काढून घेतला नाही.

"मार्नाला सांगू नकोस हं," तो म्हणाला. "वकील परवडला. हे ऐकलं तर ती रडेल."

"नाही सांगत."

"आणि तुझं काही चुकलं नाही. ती चिठ्ठी असती तरी तिच्यात हे कुठे होतं?" हे बोलून तो जरा विचारात पडला. गाडीतलं बिघडलेलं काही नजरेस आलं की त्याचा चेहरा असा व्हायचा. "एक ओळ कमी आहे खरं तर. घाला ती."

"असलं कोण करणार, ऑरिन?"

"मी केलंच की. अजून कोणी असेल. माझं नाव नको घालूस म्हणजे झालं."

घरी येताना आर्लिस त्या निसरड्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तिला ती चिठ्ठी आठवत होती, सगळ्या ओळी. पिशवी खाऊ नये. तान्ह्या बाळाजवळ ठेवू नये. किती हसलो आपण ह्यावर. कुठल्यातरी गावात कोणीतरी ते केलं असणार, आणि त्याच्या त्या वेळच्या मनात ते बरोबरच असणार. आणि मग कोणीतरी बसून ते लिहून काढलं, ज्यांना कधी पाहिलं नाही अशा माणसांसाठी, ते आपल्याला हसणार हे माहीत असून. वकिलांच्या भीतीने लिहिलं असेल तर असो. लिहिलं तर खरं. तिला त्या अनोळखी लिहिणाऱ्यांबद्दल मनापासून आदर वाटला, आणि आपल्या कात्रीची लाज वाटली.

फाईल वसंतात बंद झाली. मार्नाने वकिलाचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट दर रविवारी फोन करून आर्लिस मावशी, बाबा जेवले का गं, म्हणून विचारायला लागली. विमा कंपनीने चर्चला फक्त एवढंच कळवलं, की यापुढे कोणतीही पिशवी चिठ्ठीशिवाय दिली जाऊ नये, शेजाऱ्यालासुद्धा.

शरद ऋतूत बायका पुन्हा तळघरात जमल्या. मक्याची पोती आली, फ्लॅनेलचे तुकडे टेबलभर पसरले, कॉफीचं मोठं भांडं गुरगुरायला लागलं. चिठ्ठी छापायला द्यायचं काम व्हायोलाकडे होतं. आर्लिसने एक ओळ लिहून तो कागद तिच्यापुढे सरकवला आणि आपली सुई ओवायला घेतली.

व्हायोलाने चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"पलंगावर ज्या बाजूला कोणी झोपत नाही, त्या बाजूला पांघरुणाखाली ठेवू नये." तिने कागद खाली केला. "आता मात्र कमाल झाली ह्या विमावाल्यांची. जिथे कोणी झोपतच नाही तिथे गरम पिशवी कोण बाई ठेवणार?"

बायका हसल्या. नेहमीसारख्याच, मोकळ्या. कोणीतरी म्हणालं, पलंगाला थंडी वाजत असेल. आर्लिस सुईतून मान वर न काढता दोऱ्याचं टोक ओलं करत राहिली. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या दोघी हसायच्या थांबल्या. त्यांच्या शेजारची थांबली. त्या टेबलाभोवती बसलेल्या किती जणींच्या पलंगाची एक बाजू रिकामी होती, हे सांगायची तिथे कोणाला गरज नव्हती. व्हायोलाचा नवरा उन्हाळ्यातच गेला होता. तिने कागद पुन्हा उचलला आणि ह्या खेपेला मनात वाचला, नुसते ओठ हलले. ऑरिनचं नाव कोणी काढलं नाही. एकीने उठून सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतली, आणि पोटात जाईल असं कोणी म्हणालं नाही.

"इतकं खाली, बारीक अक्षरात कोणाला दिसायची ही," व्हायोला शेवटी म्हणाली. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. "हिला सगळ्यात वर घेऊ. खाऊ नये वगैरे मग येऊ दे."

आर्लिसने तिच्याकडे पेन्सिल सरकवली.